पिस्तुलाला खोबरेल

माझ्या जिवाला कुणापासून धोका आहे, हे मी सरकारी अर्जात साडेतीन ओळींत लिहिलं होतं. त्या ओळी आज वाचल्या तर अर्जदार मोठा कर्तबगार माणूस वाटतो. 'व्यवसायातील वैमनस्यामुळे' असा शब्द आहे त्यात. तो मला वकिलानं सुचवला. वैमनस्य हा शब्द मी त्याआधी कधी तोंडानं उच्चारलासुद्धा नव्हता.

मी जयदेव गायकर, बदलापूर गावातला. स्टेशनाजवळच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांना 'गाव' म्हटलं की वाटतं, आपण सुट्टीत कुठंतरी लांब जातो ते. आमचं गाव तिथंच आहे, मूळचं, आणि बाकीचं बदलापूर त्याच्या अंगावर चढत आलंय. आमची भातखाचरं होती, तिथं आता सात-सात मजले उभे आहेत. माझ्याकडे दोन जेसीबी आणि एक पोकलेन. इमारतींचे पाये खणायची कामं घेतो. वय एकावन्न, उंची पाच फूट चार इंच, आवाज मात्र सहा फुटांचा. बाबा म्हणायचे, "जयदेवाचा आवाज फुरं जातो न जयदेव मांगशी येतो." आवाज ऐकून लोक घाबरतात आणि मग मी दिसलो की सावरतात.

खरवईच्या चंदू शेलारशी माझं भांडण झालं ते रस्त्यावरून. माझी मशीन त्याच्या जागेतून न्यायची होती, त्यानं आडवा दगड टाकला. मी दगड उचलला, त्यानं दोन टाकले. एक दिवस पेट्रोल पंपावर त्यानं माझ्या गाडीपुढं त्याची गाडी आडवी घातली, काच खाली केली आणि म्हणाला, "जया, एकटा फिरू नको. बघून घेईन तुला."

मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण पंपावरच्या पोरीनं कानावर हात ठेवले एवढं आठवतं. घरी आलो आणि पाणी मागितलं. ग्लास माझ्या हातात एवढा हलत होता की विनितानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो धरला आणि मला लहान मुलासारखं पाणी पाजलं. ती बालवाडी चालवते, तिला सवय आहे.

दुसऱ्या दिवशी मी पिस्तुलाच्या लायसनसाठी अर्ज केला.

अर्ज, चौकशी, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, मुलाखत यात दोन वर्षं गेली. तेवढ्या वेळात चंदूच्या पुतण्याचं आणि माझ्या चुलतभावाच्या मुलीचं जमलं, लग्न झालं, जागेतला दगडही गेला. लायसन हातात आलं त्या आठवड्यात अभिनंदन करायला पहिला कोण आला असेल, तर चंदू. पेढे घेऊन.

"वा जया! पन कोनापासून भीती रं तुला?" सोफ्यावर ऐसपैस बसत त्यानं विचारलं.

आता याला काय सांगू? मी म्हणालो, "जमाना खराब आहे."

"ते बराबर," तो म्हणाला आणि स्वतःच आणलेला पेढा स्वतःच खाल्ला.

शत्रू उरला नव्हता, तरी लायसन होतं. आणि लायसन असून पिस्तूल न घेणं म्हणजे हॉल बुक करून लग्न न करणं. मी रीतसर परवाना असलेल्या दुकानदारामार्फत एक जुनं विलायती पिस्तूल घेतलं. बत्तीस बोअरचं, सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे एक गोळी सुटली की रिकामं काडतूस आपोआप बाहेर उडतं आणि मॅगझिनमधली पुढची गोळी आपोआप नळीत चढते. आधीचे मालक एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी ते तीस वर्षांत एकदाही उडवलं नव्हतं असं त्यांच्या मुलानं सांगितलं, आणि मला ते ऐकून फार आनंद झाला. 'न वापरलेलं' मिळालं, या खुशीत मी होतो. उद्या कुणी मला तीस वर्षं चालू न केलेला जेसीबी विकायला आणला, तर मी त्याला गेटवरूनच परत पाठवीन. पण कमरेला लावायच्या वस्तूबद्दल माझी अक्कल कमरेच्याच उंचीची होती.

पिस्तूल घरी आलं आणि मी आरशासमोर उभा राहायला लागलो. शर्ट आत, शर्ट बाहेर, जाकिटासकट, जाकिटाविना. विनिता दारातून म्हणाली, "पोट आत घ्या, मग दिसेल." पोट आत घेतलं की पिस्तूल दिसायचं पण श्वास बंद व्हायचा.

तेल घालायला हवं, एवढं मला कळत होतं. मशीनचं तेल काळं, वास मारणारं. ते एवढ्या देखण्या वस्तूला कशाला, म्हणून मी घरातलं खोबरेल घातलं. सढळ हातानं. स्लाइड, म्हणजे वरचा मागं-पुढं सरकणारा भाग, अशी काही गुळगुळीत चालायला लागली की मी विनिताला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "केस पण विंचरा त्याचे."

कव्हर उल्हासनगरला घेतलं. कॅम्पातल्या एका पट्ट्यांच्या दुकानात सिंधी काका होते. त्यांनी पिस्तूल पाहिलंसुद्धा नाही. नुसतं विचारलं, "मोबाइल का है या पिस्तौल का?" आणि एक कातडी कव्हर काढून म्हणाले, "साईं, फ्री साइज है. सब बैठता है." माझं पिस्तूल त्यात बसलं. जरा घट्ट बसलं, पण घट्ट म्हणजे चांगलं, पडणार नाही, असा मी हिशोब केला.

आणि हे सगळं लेवून मी चुलतभावाच्या धाकट्या मुलीच्या हळदीला गेलो.

आमच्याकडची हळद म्हणजे काय ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. बेंजो, डीजे, अख्खा गाव मांडवात. अशा जागी पिस्तूल घेऊन जायचं नसतं, कायद्यानंही नाही आणि अकलेनंही नाही. मला दोन्ही माहीत नव्हतं, किंवा माहीत असून मी विसरलो होतो, कारण घेऊन गेलो नाही तर लोकांना कळणार कसं? मी नाचत नव्हतो, नुसता कमरेवर हात ठेवून उभा होतो. मग बेंजोवाल्यांनी लय वाढवली, पोरांनी ओढलं आणि मी गेलो. दोन गिरक्या घेतल्या. तिसऱ्या गिरकीला कमरेतून काहीतरी निसटलं आणि फरशीवर खण्णकन वाजलं.

रखमा आत्या, वय ऐंशी, मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसली होती. ती वस्तू घसरत तिच्या पायापाशी गेली. तिनं वाकून उचलली, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जयदेवा, तुजा लायटर परला रं!"

ते भरलेलं मॅगझिन होतं. आत सात गोळ्या.

फ्री साइजच्या कव्हरची शिवण मॅगझिनच्या बटणावर येत होती. मी वाकलो, वळलो की बटण दाबलं जायचं आणि मॅगझिन सुटायचं. माझ्या कमरेला त्या क्षणी जे होतं ते पेपरवेटपेक्षा जास्त काही नव्हतं. मी धावत जाऊन आत्याच्या हातातून मॅगझिन घेतलं. आत्या म्हणाली, "बिडी ओढायला लागलास? बापाला सांगू?" बाबा जाऊन अकरा वर्षं झाली होती.

चंदूनं सगळं पाहिलं होतं. त्यानं मला दंडाला धरून मांडवामागं नेलं. मला वाटलं हसेल. तो हसला नाही.

"जया, येडा का तू? हलदीत घेऊन आलास? पोरं नाचतान तिथं." मग जरा थांबून म्हणाला, "तुला येतो का चालवता?"

"ट्रेनिंग झालंय. सर्टिफिकेट आहे."

"सर्टिफिकेट माझ्याकरं पोहन्याचा पन हाय," चंदू म्हणाला. चंदूला पोहता येत नाही.

त्यानंच मला हिंदुरावांचा पत्ता दिला. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या कॅन्टीनला चंदू भाजी पुरवतो, तिथं हिंदुराव सिक्युरिटीचे सुपरवायझर. मूळचे साताऱ्याकडचे, लष्करात बावीस वर्षं हत्यारं दुरुस्त करण्याचं काम केलेले. दर रविवारी बारवी धरणाच्या रस्त्याला डोंगराच्या कुशीत एका शूटिंग क्लबची रेंज आहे, तिथं ते देखरेख करतात.

मी सोमवारी दुपारी शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटवर गेलो. कामगार रिक्षात बसत होते. हिंदुराव म्हणजे काटकुळे, पांढऱ्या बारीक मिशा, इस्त्रीची घडी अशी की बोट कापावं. मी नमस्कार केला आणि दाखवायला म्हणून शर्ट वर केला.

"झाका!" ते एवढंच म्हणाले, पण असं म्हणाले की माझ्या मागच्या रिक्षावाल्यानंही शर्ट खाली ओढला. "हितं कुनी दाखवायला सांगितलं तुमाला? रविवारी सात वाजता रेंजवर या. डब्यात घालून, कुलूप लावून, गोळ्या येगळ्या. कंबरंला न्हाई."

रविवारी मी सव्वासातला पोचलो. जानेवारीचा महिना. बदलापूरला जानेवारीत सकाळी जी थंडी पडते ती मुंबईच्या लोकांना सांगून खरी वाटत नाही. हिंदुरावांनी घड्याळ पाहिलं. पिस्तूल हातात घेतलं, आधी मॅगझिन काढलं, मग स्लाइड मागं ओढून नळीत गोळी आहे का ते पाहिलं, मग करंगळी घालून पुन्हा चाचपलं. स्लाइड सोडली. ती पुढं गेली, पण कशी? सासरी निघालेल्या मुलीसारखी, थांबत थांबत. निम्म्या वाटेत तर उभीच राहिली.

हिंदुरावांनी पिस्तूल नाकाशी नेलं. हुंगलं. माझ्याकडे पाहिलं. परत हुंगलं.

"ह्यो वास कसला?"

मी रुमालानं हात पुसायला लागलो.

"आवो, विचारतोय मी."

"खोबरेल," मी म्हणालो.

थंडीनं खोबरेल आतल्या आत गोठलं होतं. त्यांनी टेबलावर फडकं पसरून पिस्तूल सुटं केलं, तर खाचाखाचांतून पांढरं लोणी निघालं. त्यात शर्टाचे धागे, खिशातली बडीशेप आणि हळदीची हळद. शेजारच्या लेनमधला एक कॉलेजचा मुलगा बघायला आला आणि तोंड फिरवून खांदे हलवायला लागला. हिंदुराव हसले नाहीत. एकेक भाग पुसत ते म्हणाले, "ह्याच्या भरवशावर तुमी जीव वाचवनार हुता?"

मग त्यांनी त्यांचा नियम सांगितला. हत्यार दिसायला कसं आहे, कुठल्या देशाचं आहे, याला अर्थ नाही. जी गोळी कमरेला बाळगायची तीच गोळी, जे मॅगझिन बाळगायचं तेच मॅगझिन, आणि सलग शंभर फैरी. एकदाही अडकता कामा नये. अडकलं की कारण शोधायचं, दुरुस्त करायचं आणि पुन्हा एकपासून मोजायचं.

"नव्व्याण्णवला अडकलं तर?" मी विचारलं.

"तर शून्य."

माझ्याकडे दोन मॅगझिन होती. त्यांनी लाल नेलपॉलिशनं एकावर एक टिंब, दुसऱ्यावर दोन टिंबं काढली, म्हणजे चूक कुणाची ते कळावं. एवढा मोठा फौजी खिशात नेलपॉलिश बाळगतो, हे पाहून मला जरा धीर आला. एरवी मुलगी वापरते, असा त्यांनी खुलासाही केला.

पहिल्या टिंबाच्या मॅगझिननं मी तीनदा भरून एकवीस गोळ्या मारल्या. सगळ्या सुटल्या. समोरच्या कागदाला त्यांतल्या किती लागल्या हा वेगळा विषय. मी खूश. मग दोन टिंबांचं मॅगझिन लावलं. तिसऱ्या गोळीला चाप ओढला आणि काहीच नाही. मागचं रिकामं काडतूस उडालं होतं, पण नवी गोळी तिरकी होऊन तोंडाशी अडकली होती.

आणि इथं मी आयुष्यातली सगळ्यात मूर्ख गोष्ट केली. मी "हिंदुराव, हे बघा!" म्हणत पिस्तुलासकट मागं वळलो.

मला फक्त एवढं कळलं की माझं मनगट पकडलं गेलंय आणि माझा हात वर, छपराकडे आहे. त्या काटकुळ्या माणसाच्या बोटांत एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. मागं बाकड्यावर कॉलेजचा मुलगा बसला होता. त्याचं हसू गेलं होतं. हिंदुरावांनी पिस्तूल काढून घेतलं, मोकळं केलं, टेबलावर ठेवलं. आवाज चढवला नाही.

"घरी जा," ते म्हणाले. "एक महिना येऊ नका."

मी गाडीत बसलो आणि बराच वेळ चावी फिरवली नाही. ते पोरगं कुणाचं तरी होतं.

घरी येऊन विनिताला सगळं सांगितलं. वाटलं होतं ती टोमणा मारेल. ती म्हणाली, "त्यांनी महिना दिलाय, म्हणजे परत बोलावलंय. अभ्यास काय दिलाय?"

अभ्यास होता. निघताना पिस्तूल डब्यात घालून देताना हिंदुरावांनी तो सांगितला होता. रोज वीस वेळा, रिकामं पिस्तूल, भिंतीकडे तोंड, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात. मॅगझिन काढायचं, स्लाइड मागं, डोळ्यानं बघायचं, बोटानं बघायचं. बोट चापावर जाऊ द्यायचं नाही. विनिता बालवाडीचे तक्ते रंगवत शेजारी बसायची आणि मी चुकलो की छडीनं टेबल वाजवायची. "बोट कुठं गेलं, जयदेव? बोट कुठं गेलं?" असं ती ज्या सुरात म्हणायची त्याच सुरात ती पोरांना नाकातलं बोट काढायला लावते.

महिन्यानंतर हिंदुराव स्वतःच घरी आले, कव्हर बघायला. त्यांनी ते फ्री साइज कव्हर हातात घेतलं आणि ब्लेड मागितलं. शिवण कापून म्हणाले, "ह्यात आता चष्मा ठिवा." विनितानं जेवायला थांबवलं. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. जेवताना तिनं सरळ विचारलं, "भाऊ, तुम्ही एवढे कडक का हो याबाबतीत? युद्धात काही घडलं होतं का?"

"युद्धात न्हाई ताई. उल्हासनगरला."

रिटायर झाल्यावर ते एका सोन्याच्या दुकानावर वॉचमन होते. दिवसपाळीला ते, दुसऱ्या पाळीला राजू नावाचा त्यांच्याच भागातला माणूस, स्वतःची दुनळी बंदूक घेऊन. राजूची बंदूक बारा वर्षं उडाली नव्हती. काडतुसं पट्ट्यात लावलेली, दमटपणानं फुगलेली. हिंदुराव त्याला सांगायचे, एकदा चालवून बघ. तो म्हणायचा, नुसती बघूनच लोक घाबरतात. एक दिवस संध्याकाळी तिघं आले. राजूनं बंदूक उचलली, चाप ओढला. टक्. दुसऱ्या नळीचा ओढला. टक्.

"मारलं त्याला?" मी विचारलं.

"हातसुदिक लावला न्हाई. हसले. त्यातल्या एकानं त्याचा गाल कुरवाळला, आन् माल घिऊन गेले." हिंदुरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "मार खाल्ला असता तर इसरला असता. दुसऱ्या दिवशी कामाव आला न्हाई. गावी गेला. आजून कुनाच्या लग्नाला येत न्हाई. मी त्याला चार येळा बोललो हुतो. पाचव्यांदा बोलायचं र्‍हायलं."

विनितानं त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. त्यांनी नको म्हटलं नाही.

त्यानंतर मी दर रविवारी रेंजवर जायला लागलो, सात म्हणजे पावणेसातला. दोन टिंबांच्या मॅगझिनचे ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकल्या होत्या. हळदीत फरशीवर पडलं ते हेच. हिंदुरावांनी ते बाद करून टाकलं. डीलरकडून तशाच बनावटीचं दुसरं मागवायला सहा आठवडे लागले. पिस्तुलातली मुख्य स्प्रिंगही बदलली. डॉक्टरांच्या कपाटात तीस वर्षं बसून ती माझ्यासारखीच सैल झाली होती.

मग मोजणी. पहिल्या खेपेला त्रेसष्टाव्या गोळीला अडकलं. या वेळी मी वळलो नाही. नळी समोर, बोट बाहेर, मॅगझिन काढलं, अडकलेलं काडतूस झटकलं. हिंदुरावांनी तेच मॅगझिन घेऊन, त्याच पिस्तुलातून, त्याच डब्यातल्या सात गोळ्या मारल्या. सातही सुटल्या, आणि कागदावर एका पेढ्यात मावतील एवढ्या जवळ.

"पिस्तुलाचा दोष न्हाई," ते म्हणाले. "तुमी दमला की मनगट ढिलं सोडता. धक्का मनगटातच जिरतोय, मग स्लाइड पुरी मागं जाईल कशी?"

म्हणजे विलायती यंत्र पास, देशी मनगट नापास. त्यांनी मला ओला टॉवेल पिळायचा व्यायाम दिला. तीन आठवडे आमच्या घरचे सगळे कपडे मी पिळले. विनितानं वॉशिंग मशीन तेवढे दिवस बंद ठेवलं. कपडे पिळून झाले की ती विचारायची, "चादरी पण घेता का?"

दुसऱ्या खेपेला चंदू बरोबर आला. मी बोलावलं नव्हतं, तो रविवारी रिकामा होता. मॅगझिन भरायला स्प्रिंग दाबून एकेक गोळी आत ढकलावी लागते. चाळीस गोळ्यांनंतर माझा अंगठा सुजला, तेव्हा चंदू म्हणाला, "दे इकरं." हिंदुरावांनी त्याला कसं भरायचं ते दाखवलं. मग मी मारायचो, चंदू भरायचा आणि मोठ्यानं आकडा सांगायचा. सत्तर झाल्या. सत्त्याहत्तर. हिंदुराव म्हणाले, पाच मिनिटं बसा, हात गार होऊ द्या.

आम्ही दोघं बाकड्यावर बसलो. चंदू हातातली गोळी फिरवत होता.

"जया, खरा सांग. कोनासाठी घेतलास ता?"

इतके दिवस टाळलं होतं. पण त्याचा अंगठाही आता लाल झाला होता, माझ्यासाठी. मी म्हणालो, "तुझ्यासाठी. पंपावर बोललास ना, बघून घेईन म्हणून. मी घाबरलो होतो."

चंदूनं गोळी मुठीत घेतली. समोर डोंगर, वर दोन घारी. मला वाटलं, संपलं सगळं, दगड परत येणार रस्त्यात.

"मी पन अर्ज केलेला," तो शेवटी म्हणाला.

"कसला?"

"पिस्तुलाचा. तू पंपावर एवरा मोठ्यान् बोंबललास... रातभर झोप नय मना. वाटला, हा जया येतो न मारतो. दुसऱ्या दिवशी वकिलाकरं गेलो. माझा नामंजूर झाला. ती जुनी मारामारीची केस हाय ना क्रिकेटची."

"कुठला वकील?"

त्यानं नाव सांगितलं. तोच. म्हणजे वैमनस्य हा शब्द त्यानं दोघांनाही दिला होता.

मी हसायला लागलो तर चंदू आधी रागावला, मग तोही हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मधूनच हसू थांबलं आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्याचा अर्ज मंजूर झाला असता तर? दोन घाबरलेली, मोठ्या आवाजाची माणसं, दोघांच्या कमरेला, एकाच पंपावर. चंदूच्याही मनात तेच आलं असावं, कारण तो गोळी डब्यात ठेवून म्हणाला, "बरा झाला नामंजूर झाला."

उरलेल्या तेवीस मी मारल्या. शंभरावी सुटली तेव्हा चंदूनं टाळ्या वाजवल्या. हिंदुराव फक्त म्हणाले, "ठीक हाय." पण वहीत तारीख टाकून सही केली, आणि ती सही मला लायसनवरच्या सहीपेक्षा मोठी वाटली.

चौथ्या दिवशी निवडणूक जाहीर झाली. आचारसंहिता लागली आणि लायसनवाली हत्यारं पोलीस स्टेशनात जमा करा म्हणून निरोप आला. पास झाल्यावर एक दिवसही कमरेला न लावता मी ते पिस्तूल जमा केलं आणि पावती घेऊन घरी आलो. आमच्या भागात एक निवडणूक संपते न संपते तो दुसरी. पिस्तूल परत मिळायला जवळजवळ तीन महिने गेले. मिळालं तसा मी हिंदुरावांना फोन केला. ते म्हणाले, "तीन महिनं पडून हुतं. साफ करा. रविवारी या. एकपासून."

गेलो. चंदूही आला. या वेळी एकाच सकाळी शंभर झाल्या.

मग तो दिवस आला. कामासाठी उल्हासनगरला जायचं होतं. नवं कव्हर, मापानं शिवून घेतलेलं. घरात भिंतीपुढं सगळं तपासलं, कमरेला लावलं, वरून सैल शर्ट. पोट मध्ये येत होतं, ते येऊ दिलं. गाडीत बसल्यावर ते बरगडीत टोचायला लागलं. उतरल्यावर घाम आला. खाजवता येईना. एका ऑफिसात तासभर बसलो तर खुर्चीच्या हाताला लागू नये म्हणून एका कुल्ल्यावर बसलो.

परत येताना कॅम्पातल्या चौकात एका रिक्षानं माझ्या गाडीला डाव्या बाजूनं घासलं. दारावर हातभर ओरखडा. रिक्षावाला तरणा, उतरला आणि उलट माझ्यावरच चढला. "अंधा है क्या? गाडी चलानी नहीं आती तो घर बैठ ना!" चूक पूर्ण त्याची होती. गर्दी जमली. एरवी अशा वेळी माझा आवाज पुढच्या चौकापर्यंत जातो.

मी तोंड उघडलं आणि मला कमरेवरचं वजन जाणवलं. आरशासमोर असताना मला ते खेळणं वाटायचं. आता मला पक्कं माहीत होतं, ते सुटतं. शंभरातली शंभर वेळा सुटतं. रिक्षावाल्याच्या मागं पानाची टपरी आहे, टपरीपुढं एक बाई लहान मुलीला घेऊन उभी आहे, हे सगळं मी एका नजरेत पाहिलं. हिंदुरावांनी लावलेली सवय. माझे दोन्ही हात आपोआप वर आले, छातीशी, आणि जोडले गेले.

"सॉरी भावा," मी म्हणालो. "माझंच चुकलं."

रिक्षावाला भांबावला. त्याची तयारी भांडणाची होती. "ठीक है, ठीक है, अंकल," असं म्हणत तो रिक्षात बसला.

घरी आलो. पिस्तूल काढलं, मोकळं केलं, बोटानं पाहिलं, कुलपात ठेवलं. विनिताला दारावरचा ओरखडा दाखवला आणि झालं ते सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बावीस वर्षांच्या संसारात तिनं मला 'माझंच चुकलं' म्हणताना एकदाही ऐकलेलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "मग रोज घेऊन जात जा ना."